राजवाड्यातल्या अकरा दाया

"ज्याचा बोकड, त्याची करडं," असा हुकूम पिंपळखोऱ्याच्या राजेसाहेबांनी काढला आणि कारभारी अंतोपंत गाडी घेऊन धनगरवाडीतल्या तायाक्काच्या दारात येऊन उभे राहिले.

झालं होतं ते असं. राजेसाहेबांनी लांबच्या मुलखातून एक बोकड आणवला होता. लोंबते कान, बाकदार नाक आणि चालण्यात असा तोरा, की दरबारातली निम्मी मंडळी त्याच्याकडेच शिकवणीला जात असावीत. ज्येष्ठात हा बोकड कुंपणावरून उडी मारून पसार झाला, धनगरवाडीत चार दिवस पाहुणचार झोडला आणि आपल्याच पायांनी परत आला. पाच महिन्यांनी, कार्तिकात, तायाक्काच्या अकराही शेळ्या लागोपाठ व्याल्या. सतरा करडं झाली, आणि एकूण एक बाकदार नाकाची. शिकारीला निघालेल्या राजेसाहेबांनी ती पाहिली, नाकं ओळखली आणि घोड्यावरूनच हुकूम सोडला.

तायाक्का एकटी बाई. दोन दिवस तिनं जमिनीला पाठ टेकली नव्हती. करडांची नाकंतोंडं पुसायची, नाळेला हळद लावायची, प्रत्येकाला आईचा चीक पाजायचा. एक करडू पायाळू आलं होतं. ते तिनं हलक्या हातानं ओढून काढलं आणि घोंगडीत छातीशी धरून ऊब दिली, तेव्हा कुठं ते धुगधुगलं. तेही अंतोपंतांनी गाडीत टाकलं. आईवेगळी करडं जगायची नाहीत, असं तिनं परोपरीनं सांगितलं. पंत म्हणाले की राजवाड्यात कशाची कमी नाही.

राजवाड्यात खरंच कशाची कमी नव्हती. चांदीच्या वाटीतून गाईचं दूध आलं. करडांनी त्यात पाय घातले. राजवैद्यांनी सुवर्णभस्माचं चाटण केलं, ते करडांनी वैद्यांच्याच अंगरख्यावर थुंकलं. खुद्द पंतांनी एका करडाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, तर त्यानं ते अर्धी घटका चोखलं आणि मग असं काही केकाटलं, की पंतांनाच आपल्यात काही उणं असल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत सतरापैकी पाच माना टाकून पडली होती.

राजेसाहेब अस्वस्थ झाले, पण करडं परत करायला तयार होईनात. राजाचा शब्द मागं जात नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तायाक्काला बोलावून घेतलं. ती वेशीशीच होती. गाडीमागून तिच्या शेळ्या ओरडत आल्या होत्या आणि शेळ्यांमागून ती.

राजेसाहेबांनी तिला बजावलं की करडं राजवाड्याची आहेत आणि राजवाड्यातच राहतील. ती जगवायची जबाबदारी मात्र तिची, आणि एक जरी दगावलं, तरी अकराही शेळ्या जप्त.

तायाक्कानं ऐकून घेतलं. तिचं सगळं लक्ष मागच्या चौकातून येणाऱ्या केविलवाण्या आवाजांकडं होतं.

"जगवते, सरकार," ती म्हणाली. "माझ्या शेळ्या पाजतील. फक्त एक विचारते. राजवाड्याच्या लेकराला जी दूध पाजते, तिला इथं काय मान असतो?"

राजेसाहेबांचा हा आवडता विषय. त्यांनी अभिमानानं सांगितलं की त्यांची स्वतःची दाई भर दरबारात गादीशेजारी बसायची, कुणापुढं मान लववायची नाही, मनाला येईल ते खायची, आणि तिच्यावर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. दाई कुठल्या जातीची, कुठल्या घरची, हे या घराण्यात कधी विचारलं गेलं नाही.

"मग माझं काही म्हणणं नाही," असं म्हणून तायाक्का चौकात गेली. शेळ्या आत घेतल्या. मान टाकलेल्या पाचांना तिनं आधी आचळाला लावलं. पायाळू करडाच्या तोंडात थेंब थेंब पिळला. घटकाभरात सतराही शेपट्या हलू लागल्या. तिनं डोळे पुसले, काठी उचलली आणि अकरा शेळ्या सरळ दरबारात नेल्या.

पहिली शेळी गादीवर चढून लोडाला टेकून बसली. दुसरीनं राजेसाहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला घेतला. तिसरीनं पंतांच्या हातातली हुकमांची चवड ओढली आणि पहिल्यापासून चघळायला सुरुवात केली. दरबारी पागोटी सावरत खांबांमागं धावले. एकीनं भर बैठकीत लेंड्या टाकल्या. पंत काठी घेऊन धावले.

"पंत," तायाक्का शांतपणे म्हणाली, "दाईसाहेबांवर काठी?"

पंतांचा हात वरच राहिला.

राजेसाहेब ओरडले, "तायाक्का, डोकं फिरलं का तुझं? शेळीला कुठं दाईचा मान असतो? ही जनावरं आहेत!"

"जनावरं असतील, तर करडंही जनावरंच, सरकार. जनावराचं पिल्लू आईमागं जातं, बापाचं नाव सांगत नाही. आणि बोकडाच्या नाकावरून करडं राजघराण्यातली ठरत असतील, तर त्यांना दूध पाजणाऱ्या या दाया झाल्या. सरकारांनी सावकाश काय ते ठरवावं. तोवर दाया बसल्यात."

दरबारात फक्त हुकूम चघळल्याचा आवाज येत होता. राजेसाहेबांनी शेजारी पाहिलं. लोडाला टेकलेली शेळी डोळे अर्धे मिटून त्यांच्याकडंच पाहत होती, एखाद्या जुन्या सरदारासारखी. राजेसाहेबांचे ओठ थरथरले, आणि मग ते असे हसत सुटले की त्यांना गादीवरून उठवेना.

हसू ओसरल्यावर त्यांनी सतराही करडं तायाक्काला दिली आणि टेकडीमागचं राखीव कुरण तिच्या शेळ्यांना कायमचं मोकळं केलं. मग ते पंतांकडं वळले.

"दाईसाहेबांना असं उन्हातून कशाला धाडायचं? निदान छत्री तरी धरा."

त्या दिवशी धनगरवाडीनं पाहिलं, की मागं गाडीत तायाक्का सोळा करडं घेऊन बसलीय, पुढं अकरा शेळ्या डुलत चालल्यात, शेजारून कारभारी अंतोपंत घामाघूम होऊन आळीपाळीनं एकेकीवर छत्री धरतायत, आणि त्यांच्या काखेत पायाळू करडू गाढ झोपलंय.