सोनकीने लिंपलेली भिंत

डोंगराच्या कुशीत, करवंदांच्या जाळ्यांमागे, एक इवलंसं गाव होतं. तिथे सोनकी नावाची चिमुकली मुलगी राहायची. बाबा तिने कधी पाहिलेच नव्हते. आई होती, पण तीही मागल्या थंडीत तापाने गेली. आता सोनकी लोकांच्या शेळ्या राखायची आणि कुणी दिली तर भाकरी खायची. कुणी द्यायला विसरलं तर आठवण करून द्यायची नाही. मुलांनी इतकं शहाणं असू नये खरं तर.

गावाच्या मधोमध एक बैठकघर होतं. वर कौलं, भिंती गेरूने रंगवलेल्या, लालेलाल. लग्नं तिथे, बारशी तिथे, बालवाडीची चिल्लीपिल्लीही तिथेच. आणि गावाची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की घरच्यांनी त्याचं चित्र तांदळाच्या पिठाने बैठकघराच्या भिंतीवर काढायचं. कुणाचा मामा, कुणाची बहीण, कुणाचं पाळण्यातलं बाळ, अशी सगळी भिंत भरून गेली होती. सोनकीने आई काढली होती. हात जरा जास्तच लांब झाले होते, पण होती आईच. सोनकी रोज त्या हातांखाली बसून आईला शेळ्यांच्या खोड्या सांगायची.

पण भिंत म्हातारी झाली. तडे गेले, पोपडे निघाले. तरी लिंपायला कुणी पुढे होईना. बुधाआजा म्हणायचे, "माझ्या लेकाच्या तोंडावर माती कशी फासू रे?" सगळ्यांचं तेच रडगाणं. अशाने भिंत सुटतच गेली, आणि एका सकाळी तिचा मोठा तुकडा जानूकाकीच्या गोप्याच्या पायावर पडला. गोप्या लंगडू लागला. बैठकघराच्या दाराला लोकांनी काटेरी फांदी लावली. पोरं उन्हात बसू लागली, मोठी माणसं आपापल्या घरात. गावात कुणी कुणाशी बोलेनासं झालं.

सोनकी बैठकघरामागच्या बागेत गेली आणि नेहमीसारखी आवाज न करता रडली.

"का गं राणी?" कुणीतरी विचारलं.

सोनटक्क्याच्या पांढऱ्याशुभ्र फुलात एक बोटभर परी बसली होती. पंख गोकर्णीसारखे निळे, केसांत दवाचे चमचमते थेंब.

"मला माझी आई दे," सोनकी म्हणाली.

परीचे डोळे भरून आले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही गं. आणि माझ्याकडे स्वतःसाठी मागायचं नसतं. दुसऱ्यासाठी काय हवं, ते माग."

सोनकीने डोळे पुसले. "मग बैठकघर नीट कर. बारकी पोरं उन्हात बसतात."

परीने तिला सोनेरी मातीचं इटुकलं मडकं दिलं. "ही माती कधी सरणार नाही. पण पहिला हात तुलाच लावावा लागेल, आणि तोही तडा जिथून निघालाय तिथेच."

तडा निघाला होता सोनकीच्या आईच्या पायांखालून.

"आई पुसली जाईल?"

"हो," परी म्हणाली. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही, हीच त्यांची पंचाईत.

सोनकीने काटेरी फांदी बाजूला केली. भिंतीला गाल लावून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने आईचे पाय लिंपले. लुगडं लिंपलं. चेहरा लिंपला. ते लांब हात मात्र तिने शेवटपर्यंत ठेवले, आणि मग तेही लिंपले.

"अगं पोरी, काय करतीस हे!" बुधाआजा ओरडत आत आले. मागोमाग सारा गाव आला. पण भिंतीवर सोनकीची आई नाही हे आजांना दिसलं. त्यांनी मडक्यातली माती घेतली आणि आपल्या लेकाचं चित्र लिंपायला घेतलं. मग सगळेच पुढे आले. कुणी हुंदके देत होतं, कुणी गेलेल्यांची नावं घेत होतं. जसजसे हात फिरले तसतसे तडे मिटले, वाकलेले खांब ताठ झाले, कौलं डाळिंबाच्या दाण्यांसारखी लकाकली. बैठकघर नव्या नवरीसारखं सजलं.

दमलेली माणसं आपापल्या माणसांना टेकून बसली. सोनकी एकटीच उभी राहिली, कोऱ्या भिंतीकडे बघत. तिला टेकायला कुणी नव्हतं.

गोप्या लंगडत मडक्याच्या काठावर येऊन बसलेल्या परीजवळ गेला. "मीपण मागू?"

"माग की."

"सोनकीला आई दे."

"नाही रे देता येत, बाळा."

गोप्याने विचार केला. "मग माझी अर्धी दे."

परीने जानूकाकीकडे पाहिलं. काकीने मातीने भरलेले हात केव्हाच पसरले होते. "ये गं बाय," ती म्हणाली, "ये माझ्याजवळ."

सोनकी धावत गेली आणि काकीच्या मांडीवर डोकं ठेवून आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोठमोठ्याने रडली. बैठकघरात सोनेरी, निळा, गुलाबी उजेड दाटला आणि त्यात परी विरून गेली. ते कुणी पाहिलंच नाही. सगळे सोनकीकडे बघत होते.

"गोप्या, सरक थोडा," काकी म्हणाली.

गोप्या सरकला.