न पोचलेल्यांची सभा

जांभळीच्या धनगरवाड्यात आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात आणि चौघं जण खांद्यावर घेऊन घाट उतरतात. वर वाड्यात एक नर्स मिळाली, तीही फार उशिरा. तिलाही खालच्या बाजारगावात हलवायला आरोग्य खात्याचे धामणकर साहेब आले. सगळा वाडा त्यांच्यापुढं बसवला. सगुणाला नववा महिना, ती मागं भिंतीला टेकून बसली.

साहेब गरजले, "खाली एवढा मोठा दवाखाना बांधलाय, तरी तुमचं रडगाणं संपत नाही. ज्याला कुणाला तिथवर पोचता आलं नाही, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही.

"बघा! कुणाचीच तक्रार नाही. नर्स उद्यापासून खाली."

म्हातारी ठकूबाई कोकरे उठली. "सायेब, तुमी सभा चुकीच्या जागी भरवली. पोचले ते हितं बसलेत. न्हाई पोचले ते वढ्याकाठी पुरलेत. माझा ल्योक बी तिथंच हाय. चला, त्यास्नी सांगा हात वर करायला."

साहेबांचं तोंड उतरलं. तेवढ्यात मागून सगुणाचा हात वर गेला.

"तू तर अजून कुठं गेलीच नाहीस!"

"म्हणून हात आत्ताच वर करते, सायेब. नर्स गेल्यावर करता येईल का, कुणास ठाऊक."

साहेब एकटेच घाट उतरले. नर्स वर राहिली. वाड्यानं ठकूबाईचं कौतुक केलं, पण तिला त्याचं काय? तिचा ल्योक गेला, तेव्हा वर नर्सच नव्हती.