देवीचा कोंडलेला श्वास

पूर्वी कृतयुगाच्या अखेरीस मेकल पर्वताच्या पायथ्याशी उदग्रवर्मा नावाचा राजा राज्य करीत असे. उत्तरेकडून आलेल्या त्याच्या कुळात सगळ्यांची नाके चाफेकळीसारखी, आणि गर्व त्याहून टोकदार! जिंकलेल्या अरण्यातली शिल्पिणी कृष्णला हिला त्याने देवीची मूर्ती घडवायला बसवले. अट अशी की, प्रतिष्ठेच्या मुहूर्तावर देवी जागी झाली तर कृष्णलेच्या लोकांना अरण्य परत. नाहीतर सगळे देशोधडीला.

अरण्याची रीत अशी होती की देवीचे मुख आपल्या आईवरून बेतायचे, आणि प्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीच्या नाकाखाली सावरीचा कापूस धरायचा. तो हलला की देवी आली. कृष्णलेने आपल्या आईचे रुंद, बसके नाक ऐसपैस नाकपुड्यांसह पाषाणात उतरवले.

पडदा सरला आणि सभेने नाक मुरडले.

"शिव शिव! ही त्रैलोक्यजननी की कोणी नकटी रानटी बाई?" राजा गरजला. "हिच्यापुढे मी मस्तक नमवावे? तासून काढ ते नाक!"

"महाराज, याच नाकाने माझ्या आईला वणव्याचा वास आधी आला आणि अख्खी वस्ती वाचली. आम्हांला याहून सुंदर नाक ठाऊक नाही. हात तोडा माझे, पण मी छिन्नी लावणार नाही!"

राजाने छिन्नी हिसकावली आणि स्वहस्ते ते नाक दोन्ही बाजूंनी तासले. नाकपुड्या फुटल्या, तेव्हा त्या मेल्याने वज्रलेपाने त्या लिंपून टाकल्या! मंत्रघोष झाला, शंख वाजले. कापूस मात्र तसूभर हलला नाही.

"दोष या शिल्पिणीचा! हाकलून द्या सगळ्यांना!"

सेवक धावले, पण त्याआधीच कृष्णलेने हातोडी उचलली आणि एका घावात तो लेप उडवला. त्याच क्षणी कापूस भुर्रकन उडाला आणि पाषाणातून वाणी उमटली.

"मूढा! श्वासासाठी दिलेले नाक तू मिरवण्यासाठी ठेवलेस. मग मिरवच! ते असेच उंच राहील, पण त्याला गंध कळणार नाही. कृष्णले, यापुढे जो मला घडवील, त्याच्या आईचे नाक मी धारण करीन."

अरण्य परत मिळाले. देशोदेशी देवीचे नाक निरनिराळे झाले, ते तेव्हापासून.

पुढे राजाचा पुत्र युद्ध जिंकून परतला. कुलरीतीप्रमाणे राजाने त्याला पोटाशी धरून त्याचे मस्तक हुंगले. पुन्हा हुंगले. पुन्हा पुन्हा हुंगले, आणि तो भर सभेत ओक्साबोक्शी रडू लागला. त्याच्याइतके देखणे नाक त्या राज्यात दुसरे नव्हते. पण आपल्या लेकराचा वास त्याला मरेपर्यंत आला नाही.