खुर्चीवरचा योग

मंगळवारी सकाळी सात वाजता मिरजेतल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात योगवर्ग भरला होता. एका संशोधन संस्थेने ‘योग प्रयोगशाळेतून लोकांत’ अशी घोषणा करून तो सुरू केला होता. लोक म्हणजे गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या बायका. खुर्चीवर बसून श्वासाकडे लक्ष देता देता त्यांना गोळीशिवाय झोप लागू लागली होती.

त्या दिवशी संस्थेचे संचालक डॉ. विश्वंभर तळवलकर पाहणीला आले. पतंजलींच्या मूर्तीला हार घालून ते वळले आणि भडकले.

“हा योग आहे की दवाखान्यातली रांग? आपल्या परंपरेत खुर्ची नाही. ज्यांना मांडी घालता येत नाही, त्यांची नावं उद्यापासून कमी करा.”

शिकवणारी मुलगी रडवेली झाली. तेवढ्यात अनसूया खिलारे उठल्या. एसटीत कंडक्टर म्हणून उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत होता.

“साहेब, मग पहिलं नाव यांचं कमी करा.” त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं. कमरेखाली मूर्तीला नागाची वेटोळी होती. “यांना मांडी घालायला पायच नाहीत. हार घालताना बघितलं नाहीत व्हय? आन् आम्हाला लक्ष द्यायला शिकवताय!”

हशा थांबेपर्यंत साहेबांनी हुकूम मागे घेतला होता.

वर्ग चालू आहे. बायका आता घरून स्टुलं आणतात, कारण वर्गाच्या खुर्च्या दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या बैठकीच्या खोलीत गेल्या. त्या कोणाच्या सांगण्यावरून हलवल्या, हे मी संस्थेला विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.