हलका पहारेकरी

"म्हणजे काहीच नाही, सर? अँटिव्हायरस नाही, फायरवॉल नाही... आणि नेट जोडून मोकळे झालात?"

तुषार शेट्येला खरंच धक्का बसला होता. ज्यांनी त्याला कॉम्प्युटर शिकवला, त्या पाध्येसरांच्या घरी हे असं.

"जोडलं खरं," सर म्हणाले. "नात परदेशात. तिचं तोंड बघायला काहीतरी हवं. पण राखणीचं हे नवं मला काही कळेना, म्हणून तुला बोलावलं. यंत्र म्हातारं आहे. जड काही पेलायचं नाही त्याला."

"माझ्यावर सोडा," तुषार म्हणाला.

हे वाक्य तो पुण्यात उठता-बसता म्हणत असे. एका बड्या कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण त्याच्याकडे होती. या विषयावर तो व्याख्यानं देई, आणि त्यासाठी त्याला सभागृहच लागे असंही नाही. देवरूखच्या या घरात पाऊल टाकल्यापासून त्याचं तोंड मिटलेलं नव्हतं.

आत शिरताना माजघरातून काकूंचा आवाज आला होता. "या... बसा... चहा टाकते."

"काकू, आवाज अगदी तस्साच हं तुमचा," तुषार ओसरीवरूनच म्हणाला होता. "इतक्या वर्षांत काही फरक नाही."

आत एकदम शांत झालं होतं. मग काकू बाहेर आल्या. गळ्याभोवती पदर गुंडाळलेला. त्याच्याकडे बघून हसल्या आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. तुषारचं बोलणं चालूच राहिलं.

आता हे इथेच सांगून टाकलेलं बरं. काकूंना आवाज नव्हता. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनात स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी सर त्यांना रोज मायक्रोफोनपुढे बसवत आणि घरात लागतील ते सगळे शब्द बोलून घेत. त्याच दिवसांत माजघरातल्या या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः बसून एक प्रोग्रॅम लिहिला. काकूंनी कीबोर्डवरची बटणं दाबली की त्यांच्याच आवाजातले शब्द बाहेर पडत. या घरात काकू बोलत होत्या त्या अशा.

तुषारला यातलं काही ठाऊक नव्हतं. सरांनी फोनवर सांगायला घेतलं होतं, तेव्हा तो घाईत होता.

"सुरू करण्याआधी एक सांगतो, तुषार..."

"सर, आधी हे होऊ द्या. मग निवांत बोलू."

तुषारने माउस हातात घेतला.

"लोक काय करतात माहितीये, सर? घाबरून दोन-दोन अँटिव्हायरस टाकतात. ते दोघं एकमेकांनाच चोर समजतात, आणि मशीन बसतं धापा टाकत. एकच टाकायचा, पण हलका. हा बघा. मेमरी जेमतेम खातो. मागे कुणी बसलंय हे कळतसुद्धा नाही. आणि सोबत हा छोटासा फायरवॉल. बाहेरून कोण आत येतंय, आतून कोण बाहेर बोलतंय, सगळ्यावर नजर."

"न विचारता कुणाला धरत नाही ना?"

"छे. शंका आली की विचारतो."

"मग त्याने काही विचारलं तर मला हाक मार. मी मागच्या दारी आहे. पोह्यांना कढीपत्ता हवाय."

सर गेले. तुषारला हसू आलं. हाक मारायची, आणि तीही त्याने?

स्वयंपाकघरात काकू कांदा चिरत होत्या. विळीचा तेवढा आवाज येत होता.

अँटिव्हायरस बसला आणि कामाला लागला. थोड्याच वेळात पडद्यावर एक चौकट उघडली. एक प्रोग्रॅम सापडला होता. नाव 'बोल'. तो कुणी बनवला ते अज्ञात. कीबोर्डवरचं प्रत्येक बटण ऐकत बसलेला.

खाली प्रश्न होता. हा प्रोग्रॅम तुमच्या ओळखीचा आहे का?

तुषार खुर्चीत सरसावून बसला. असली मंडळी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. माणूस काय टाइप करतो ते चोरून टिपायचं आणि पासवर्ड पळवायचे, हाच त्यांचा धंदा. आणि नाव बघा कसं घेतलंय. सरांच्या घरात किती दिवस दबा धरून बसला होता कोण जाणे.

'ओळखीचा नाही' यावर त्याने क्लिक केलं.

लगेच दुसरा प्रश्न आला. बाजूला ठेवायचा, की सगळ्या फायलींसकट कायमचा पुसायचा?

बाजूला ठेवावा, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. व्याख्यानात तो लोकांना हेच बजावून सांगे. पण सर आत यायच्या आधी सगळं कसं लख्ख करून दाखवायचं होतं.

त्याने पुसला. मग फायरवॉल बसवला, आणखी थोडा कचरा काढला, मशीन बंद करून परत चालू केलं. ते खरोखरच पटकन चालू झालं. तुषारची छाती फुगली.

"सर, या. बघा आता."

आधी काकू आल्या. पोह्यांची बशी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली आणि वाकून कीबोर्डवरचं एक बटण दाबलं.

...

त्यांनी परत दाबलं.

...

स्पीकरचं बटण पिळून पाहिलं. कीबोर्ड उपडा करून टेबलावर हलकेच आपटला, सरळ केला आणि एकामागून एक बटणं दाबत सुटल्या.

"काय हवंय, काकू? मला सांगा ना."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. पदर सरकला होता. गळ्याच्या खोलगटात पांढऱ्या जाळीच्या कापडाचा तुकडा चिकटवलेला होता.

सर दारात उभे होते. हातात कढीपत्त्याची डहाळी.

"तुषार... 'बोल' कुठे आहे?"

"बोल? तो व्हायरस होता, सर. पुसला मी. कीबोर्डवर कान ठेवून..."

त्याची नजर काकूंच्या गळ्याकडे गेली.

"तो व्हायरस नाही," सर म्हणाले. "ती ही आहे."

मघाशी ओसरीवर उभं राहून आपण काय बोललो, ते तुषारला आता आठवलं. काकूंच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून तो पडद्याकडे वळला आणि पुसलेलं परत आणायची धडपड करू लागला. ठाऊक होत्या तेवढ्या सगळ्या युक्त्या करून झाल्या. काही मिळेना. 'बोल' गेल्यावर जी जागा मोकळी झाली होती, नेमका तिथेच त्याने बसवलेला फायरवॉल जाऊन बसला होता.

"सर... कॉपी असेल ना?"

सरांनी कपाटातून एक सीडी काढली. तिची डबी त्यांना उघडेना. काकूंनी ती त्यांच्या हातून घेतली आणि उघडून दिली.

तुषारने सीडी घातली. प्रोग्रॅम परत बसायला लागला, तोच ती मघाचीच चौकट उघडली. हा प्रोग्रॅम तुमच्या ओळखीचा आहे का?

तुषारने माउसवरचा हात काढून घेतला. तो सरांकडे बघत राहिला.

काकूंनी पुढे होऊन 'ओळखीचा आहे' यावर क्लिक केलं. मग कीबोर्ड जवळ ओढला.

"पोहे... गार... होतायत," स्पीकरमधून काकू म्हणाल्या.

तुषारने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला रडू येत होतं आणि ते लपवण्याइतकं भान उरलं नव्हतं.

"आलं, सर," जरा वेळाने तो म्हणाला. "सगळं परत आलं."

सर कीबोर्डच्या कोपऱ्याकडे बघत होते.

"आलं ना, सर?"

"एक नाही आलं."

"काय नाही आलं, सर?"

"सीडी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची. एक शब्द हिने ऑपरेशनच्या सकाळी भरला. दवाखान्यात निघायच्या आधी."

"कोणता?"

सरांनी कढीपत्त्याची डहाळी टेबलावर ठेवली.

"माझं नाव. सारा संसार हिने मला 'अहो' म्हणून केला. त्या सकाळी म्हणाली, 'एकदा नावाने हाक मारून ठेवते.' म्हणाली, 'अच्युत.'" सरांनी कीबोर्डकडे बोट दाखवलं. "या कोपऱ्यातल्या बटणावर ठेवलं होतं ते."

तुषार सुन्न होऊन त्या बटणाकडे बघत राहिला. तो शब्द पुन्हा भरायला या जगात आता आवाजच नव्हता. कंपनीच्या कॉम्प्युटरांत कितीतरी वेळा काहीबाही गेलं होतं आणि कितीतरी वेळा त्याने ते परत आणलं होतं. हे येणार नव्हतं. 'माफ करा' म्हणायलासुद्धा त्याला तोंड राहिलं नव्हतं.

"सर, हे सॉफ्टवेअरच काढून टाकतो," तो घाईघाईने म्हणाला. "दुसरं आहे एक, याच्याहून चांगलं. ते असं कधी..."

"याने विचारलं नव्हतं?"

"...विचारलं होतं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग त्याला राहू दे. बदलायचाच तर उत्तर देणारा बदल."

तुषारने मान खाली घातली. बशीतले पोहे तसेच होते.

मग काकूंनी हात पुढे केला. कोपऱ्यातलं बटण दाबलं.

...

"काकू, ते आता नाहीये," तुषार कसाबसा म्हणाला. त्याला वाटलं, त्यांना नीट समजलं नसावं.

काकूंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरांकडे बघत होत्या. त्यांनी तेच बटण परत दाबलं.

...

"ओ," सर म्हणाले.