कड्यावर उरलेल्या रेघा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी मोटारसायकली दुरुस्त करणारे एक वृद्ध वस्ताद राहत होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. हाताने चपळ, स्वभावाने उतावळा आणि स्वतःवर रागावण्यात पटाईत.

एके दिवशी बाजारोबाजार फिरणाऱ्या एका कापडविक्रेत्याची गाडी आली. घाट चढताना ती धापा टाकी. वस्ताद शिष्याला म्हणाले, "हे इंजिन सगळं तुझं. मी हात लावणार नाही."

शिष्याने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उतरवले, दोन्ही व्हॉल्व्ह काढून काजळी खरवडली. मग प्रत्येक व्हॉल्व्ह ज्या गोल कड्यावर घट्ट बसायला हवा, त्या कड्याला, म्हणजे सीटला, खरखरीत पेस्ट लावून तो मन लावून घासला. परीक्षेसाठी व्हॉल्व्हच्या मागे रॉकेल ओतले, तर एका व्हॉल्व्हच्या कडेने थेंब झिरपला. त्याने पुन्हा घासले. पुन्हा थेंब. आणखी जोर लावला, तरी थेंब आलाच.

तेव्हा त्याचा धीर सुटला. "वस्ताद, हे काम माझ्या नशिबात नाही. उद्या गावी जातो, भावाच्या दुकानात बसतो." खरे तर या कामावर त्याचा जीव होता.

वस्तादांनी पेस्टची डबी उचलून कपाटात ठेवली आणि पेन्सिल घेऊन त्या कड्यावर आडव्या रेघा मारू लागले. जिथे धुळीचा कण चालत नाही, तिथे रेघोट्या! म्हाताऱ्याला हे काय सुचले, असे शिष्याला वाटले.

"व्हॉल्व्ह बसव. दाबून एक फेरा दे. आता काढून बघ."

रेघा जवळजवळ सगळ्या पुसल्या होत्या. एका जागी मात्र नखाएवढ्या रुंदीत त्या जशाच्या तशा होत्या.

वस्ताद म्हणाले, "पुसल्या तिथे व्हॉल्व्ह टेकतोय. उरल्या तिथे सीटला खळगा आहे, गळतं ते तेवढ्यातूनच. तू मात्र दर वेळी अख्खं कडं घासत बसलास. त्यानं चांगलं होतं तेही झिजायला लागलं. स्वतःचंही तू तेच करतोस. एक थेंब गळाला की सगळा माणूस मोडीत काढायला निघतोस. किती जमलंय आणि कुठे अडलंय, हे आधी बघावं की नाही?"

आपल्यातलेही पुष्कळजण असेच असतात.  शिष्याने सीट तासायचा कटर घेतला, हलक्या हाताने सीट सारखी केली, बोटाच्या टोकाएवढ्या पेस्टने व्हॉल्व्ह घासून बसवला आणि रॉकेल ओतले. दोघे चहा प्यायला बसले. चहा संपला, तरी व्हॉल्व्हची कड कोरडी होती.

"दुसऱ्यावरही रेघा मारून बघतो," शिष्य म्हणाला. "तो गळत नाही, पण बघतो."

"बघ. आणि उद्याचं काय ठरलं?"

शिष्याने पेन्सिलीला टोक काढता काढता उत्तर दिले, "उद्या गाडी घाटात चढवून बघायचीय."

वस्तादांनी मान हलवली आणि दोघांचे कप विसळायला घेतले.