दार कोणी उघडायचं?

“पण अण्णा, जास्त भीती कोणाच्या सिनेमाची वाटते? तुमच्या की माझ्या?”

कोल्हापुरातल्या आपल्या घरी अण्णा मंडलिक टीव्हीसमोर बसले होते. भुताखेतांचे सिनेमे काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या हेमांगीने त्यांचा सर्वांत गाजलेला सिनेमा नव्याने काढला होता. अण्णांनी होकार दिला तरच तो थिएटरात लावीन, असा शब्द ती देऊन बसली होती. होकार मिळणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

अण्णांची नजर टीव्हीवर चाललेल्या तिच्या सिनेमावरच होती.

गोष्ट तीच. मेलेली मुलगी घरी येते, दार वाजवते. अण्णांच्या सिनेमात नुसतीच टकटक होती. हेमांगीच्या सिनेमात भिंती हादरत होत्या आणि आई किंचाळत कड्या घालत होती.

अण्णांनी काठी घेतली. उठले आणि सावकाश आपल्या घराच्या दाराकडे निघाले.

हेमांगीला हसू आवरेना. “अण्णा, ते सिनेमातलं दार आहे!”

“ठाऊक आहे की.”

“मग उठलात कशाला?”

“पोर दार वाजवतीय. तुझ्या सिनेमात कोणी उठंनाच.”

“पोर कुठली? भूत आहे ते!”

“आईला काय त्याचं?”

हेमांगीचा चेहरा पडला. आजच्या प्रेक्षकाला असलं मिळमिळीत चालत नाही, असं बरंच काही तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

अण्णांनी माघारी येऊन टीव्ही बंद केला.

“तुझी आई जाऊन वर्ष झालं, न्हवं?”

“...हो.”

तेव्हा हेमांगी याच सिनेमाच्या शूटिंगवर होती. आईला शेवटचं बघणंही झालं नव्हतं.

“आज ती दारात आली तर?”

“घाबरेन, अण्णा.”

“आणि?”

“...उघडेन.”

एवढं बोलली आणि तिला रडूच कोसळलं. वर्षभर तिला रडायला सवड मिळाली नव्हती. अण्णा शेजारी बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “तुमचा शेवट होता तसाच घेते, अण्णा. आई उठते, दार उघडते... अगदी तस्साच.”

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

“माझ्या दारात माझीच गेलेली पोर होती. ती कवाच घरात आली.”

“मग मी काय करू?”

“बाहेर गारठा आहे गं... आईला आत घे.”